पोटाच्या भिंतीचं मोठं भगदाड बुजवायचं कसं?

जुन्या ऑपरेशनच्या व्रणापाशी फुगवटा येतो, खोकल्यावर वाढतो. हा व्रणाचा हर्निया. भोक १५ सेंटिमीटरचं असेल, तर कडा ओढून टाके घालणं टिकत नाही. ताणामुळे दोरा हळूहळू ऊतीला कापत जातो. नेदरलँड्समधल्या २००४ च्या अभ्यासात, दहा वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ६३ टक्के हर्निया परत आले, जाळी बसवल्यावर ३२ टक्के. आणि ते हर्निया तर ६ सेंटिमीटरपर्यंतचेच होते!

म्हणजे आधी ताण कमी करायला हवा. तंग ब्लाऊजची बाजूची शिवण उसवली की पुढचे हुक लागतात ना, तसंच. पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात. १९९० मध्ये रामिरेझ यांनी दाखवलं, की सर्वांत बाहेरच्या थराचा पडदा उभा कापून तो थर सुटा केला, तर कमरेपाशी प्रत्येक बाजू १० सेंटिमीटरपर्यंत मध्याकडे सरकते. मग कडा जुळतात, आणि जाळी त्यांना आधार देते.

धोका वेगळाच आहे. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेली आतडी एकदम आत कोंबली, तर पोटातला दाब वाढून श्वास आणि मूत्रपिंडं अडचणीत येतात. म्हणून काही सर्जन महिनाभर आधी बाजूच्या स्नायूंत बोटॉक्स टोचतात. हो, सुरकुत्यांवालंच! सैल झालेले स्नायू लांबतात, पोटात जागा होते.