माळढोक आणि शेकरू

भीमाशंकरच्या दाट रानात उंच झाडाच्या शेंड्यावर एक लांब, झुपकेदार शेपूट झळकते आणि क्षणात पलीकडच्या झाडावर दिसेनाशी होते. ते शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळावर, पूर्वी मीटरभर उंचीचा एक पक्षी ताठ मानेने गवतातून चालताना दिसे. तो माळढोक. आज तेथे त्याचे दर्शन अतिदुर्मिळ झाले आहे.

दोघांनाही पाठीचा कणा आहे, एवढेच काय ते त्यांचे नाते. शेकरू सस्तन वर्गातील, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातले आणि खारीच्या कुळातले. अंगणातल्या खारीची ती थोरली बहीणच म्हणावी. माळढोक पक्षिवर्गातला. उंच पायांमुळे तो शहामृगाचा आप्त वाटतो. पण तसे नाही. त्याचा खरा कुळबंधू तणमोर. शिवाय एवढा जड असूनही माळढोक उडतो!

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर ते सुमारे ६ मीटरांची झेप घेते आणि काटक्यापानांची गोल घरटी उंच फांद्यांत बांधते. मधली झाडे तुटली, की त्याची वाटच तुटते. माळढोक मात्र घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर मादी बहुधा एकच अंडे घालते. कुत्र्याने किंवा कोल्ह्याने ते खाल्ले, की त्या विणीचे सारे संपले. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत; दिसल्या तरी जड देह झटकन वळत नाही. अशा तारांवर आदळून कितीतरी माळढोक मेले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत शेकरू 'कमी चिंतेचे' आहे. माळढोक २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त' गणला जातो. उरलेल्यांपैकी बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत.

वृक्षारोपणाने शेकरूचे रान वाढते. पण माळ 'पडीक' समजून तेथे झाडे लावली, तर माळढोकाचे घर मोडते. ही गोष्ट लोकांच्या ध्यानात फार उशिरा आली. जैसलमेरला २०१९ पासून माळावरची अंडी जपून उचलून यंत्रात उबवली जात आहेत. त्या पिल्लांना मोठेपणी सोडायचे, तर तारांवाचूनचा गवताळ माळ हवा.