चढाला गाडी ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी हवेच्या नळ्या बघा



आजचा सल्ला फवारणीचा नाही, माल वाहणाऱ्या गाडीचा आहे. टोमॅटोची तोडणी जोरात आहे. अशा वेळी गाडी घाटात बसली तर केलेली मेहनत वाया जाते.

गेल्या आठवड्यात आमच्या घरची पिकअप ७० कॅरेट घेऊन संगमनेरहून नारायणगावला निघाली. वडील चालवत होते. सपाटीला ठीक, पण चंदनापुरी घाटात गाडीने दमच सोडला. मागे काळा धूर. पोचेपर्यंत लिलाव उरकत आला होता, माल पडेल भावात द्यावा लागला. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "टर्बो गेला, तीस हजार धरा." दुसऱ्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून बघितलं, तर एका रबरी नळीला खालच्या अंगाने बोटभर चीर होती. नळी बदलली, गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली.

*टर्बो काय करतो?*
इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचा एक पंखा फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. या दाबालाच बूस्ट म्हणतात. वाटेत हवा गळाली की डिझेल पुरतं जळत नाही, ताकद जाते आणि काळा धूर येतो. ठिबकची मेन लाइन फुटली तर शेवटच्या ड्रिपरला पाणी जात नाही, पण मोटर चांगलीच असते ना? इथेही तसंच आहे.

*लक्षणं:* लोडवर ओढत नाही, रेस दिल्यावर 'सुस्स' आवाज येतो, एव्हरेज घटतं, काळा धूर येतो. बीएस-६ गाडीत धूर फिल्टरमध्ये अडकतो, त्यामुळे तो दिसेलच असं नाही.

*तपासणी याच क्रमाने करा (इंजिन बंद आणि थंड असताना):*

१) *एअर क्लिनर:* धुळीने गच्च आहे का? आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर तो मुदतीआधीच भरतो. फाटका असेल तर लगेच बदला. आत गेलेली माती टर्बोची पाती खाते.

२) *क्लिनर ते टर्बो नळी:* दबलेली, चिरलेली किंवा सुटलेली आहे का?

३) *टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन:* बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. क्लिपा घट्ट आहेत का बघा. नळीच्या खालच्या बाजूने हात फिरवा. एकाच जागी तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथून गळती असू शकते.
👉 गाडी नुसती उभी चालू ठेवली तर ही गळती सापडत नाही, कारण तेव्हा बूस्ट जवळजवळ नसतोच. मिस्त्रीला सांगा, इंजिन बंद ठेवून नळ्यांत साधारण १ बारपर्यंतच हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. पंक्चर काढताना दिसतात तसे बुडबुडे दिसतील.

४) *बारीक व्हॅक्यूम नळ्या:* टर्बोचा दाब बऱ्याच गाड्यांत याच सांभाळतात. गोठ्याजवळ गाडी लावत असाल तर उंदीर कुरतडतात.

५) *स्कॅनर:* गाडी बंद करून चालू केल्यावर थोडा वेळ नीट चालते आणि पुन्हा दम सोडते? मग कॉम्प्युटरनेच ताकद कमी केलेली असू शकते. स्कॅनर लावून घ्या. 'पी०२९९' हा कोड म्हणजे बूस्ट कमी पडतोय. टर्बो बदला असा त्याचा अर्थ नाही.

६) *टर्बो सगळ्यात शेवटी:* मिस्त्रीला नळी काढून दांडा हलवून दाखवायला सांगा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा पातं बॉडीला घासलं असेल, तरच टर्बोचा खर्च करा.

⚠️ *निळा धूर आणि ऑइल झपाट्याने कमी होत असेल तर गाडी चालवू नका.* टर्बोतून गळालेल्या ऑइलवर इंजिन स्वतःच रेस घेऊ शकतं, कधी कधी चावी बंद करूनही थांबत नाही. अशी गाडी टोचन करूनच न्या.

*सवय लावून घ्या:* सकाळी चालू केल्या केल्या रेस देऊ नका. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, एक-दोन मिनिटं चालू राहू द्या. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, वेळेवर बदला. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे.

मी मिस्त्री नाही, पण पिकाचा असो की गाडीचा, रोग ओळखल्याशिवाय औषध नको. उद्या सकाळी माल भरण्याआधी पाच मिनिटं बॉनेट उघडून बघाच. काही शंका वाटली तर नळीचा फोटो याच नंबरवर पाठवा, आपल्या केंद्रावरच्या मिस्त्रीदादांना दाखवून कळवतो.


– आपला कृषी सल्लागार