हातोडीला गुडघा गप्प का राहतो?

पाय लुळे पडू लागलेल्या माणसाला घेऊन गाडी कोकणातल्या हातखंबा तिठ्ठ्यावर येते, तेव्हा घरच्यांपुढे प्रश्न असतो: रत्नागिरीला वळायचे, की पाली-साखरपामार्गे थेट कोल्हापूर गाठायचे? बऱ्याचदा त्याआधीचे दोन दिवस “अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ” यातच गेलेले असतात. अशा रुग्णाबाबत डॉक्टरांच्या हातातली छोटी रबरी हातोडी स्कॅनच्या कितीतरी आधी बरेच काही सांगून जाते.

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडी पडली की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. त्याची वर्दी मज्जातंतूंतून कमरेकडच्या मज्जारज्जूत पोहोचते, तिथूनच हुकूम परत फिरतो आणि पाय उडतो. पापणी लवायच्या आत सगळे आटोपते. मेंदूला मागाहून कळते. एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली, एकमेकांवर विसंबून न राहता, या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की एक स्नायू आखडतो, त्याच वेळी त्याच्या विरुद्ध काम करणाऱ्या स्नायूला सैल होण्याचा निरोप गेलेला असतो. १९३२ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी होते.

मज्जारज्जूच्या या कारभारावर मेंदूचा लगाम असतो. पक्षाघातात तो सुटतो, म्हणून काही दिवसांनी त्या बाजूचा गुडघा हातोडीला जरुरीपेक्षा जास्त उसळतो. तळव्यावर टोकदार वस्तू ओढली तर पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठतो. ही खूण बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितली. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र असाच वर जातो आणि ते अगदी नॉर्मल आहे. आजी-आजोबांनी बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करून घाबरून जाऊ नये!

याच्या उलट चित्र पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू मिळाला. त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. जुलाब थांबून एक ते तीन आठवडे झाले की मुंग्या आणि लुळेपणा सुरू होतो. वर्दी नेणारी तारच बिघडल्यामुळे हातोडी मारली तरी बहुतेकांचा गुडघा ढिम्म राहतो. गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांत हा आजार नोंदवला, तेव्हाही हरवलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया हीच त्यातली ठळक खूण होती.

जुलाबानंतर दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, जिना चढता येत नसेल, उकिडवे बसल्यावर उठवत नसेल, तर टॉनिकच्या बाटलीची वाट पाहू नये. घोट घशात अडकू लागला, किंवा एका श्वासात वीसपर्यंतही मोजता येईना, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत असे समजून त्याच तासाला १०८ ला फोन करावा. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे दोन्ही उपचार लवकर सुरू झाले तर अधिक उपयोगी पडतात.

कोकणात आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावीच लागते, ती मण्याराची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री हा साप चावतो. दुखत जवळजवळ नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या मिटू लागतात. कोकणातल्याच महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २००४ मध्ये मण्यार आणि नाग यांच्या दंशाची लक्षणे व ग्रामीण भागातले उपचार यांवर शोधनिबंध लिहिला होता. विषाचा जोर असताना रुग्ण हलत नाही, हातोडीला दाद देत नाही, क्वचित बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटते, संपले. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि आजूबाजूचे बोलणे ऐकत असू शकतो. म्हणून अशा रुग्णाचा कृत्रिम श्वास वाटेत एक मिनिटही थांबवू नये, मग प्रवास कितीही लांबो. प्रतिविष हवेच, पण मण्याराचे विष मज्जातंतूंची टोके बिघडवत असल्याने कित्येकदा जीव वाचतो तो काही दिवसांच्या व्हेंटिलेटरमुळे. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

हातोडीला प्रतिसाद नाही म्हणजे मोठा आजारच, असे मात्र नाही. उतारवयात घोट्याचा रिफ्लेक्स आपोआप मंदावतो. काही निरोगी माणसांचा गुडघाही सहज उडत नाही. डॉक्टर अशा वेळी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि तेवढ्यात हातोडी मारतात. मधुमेहात घोट्याचा रिफ्लेक्स लवकर जातो, सोबत तळव्याची संवेदनाही. अशा माणसाने जांभ्याच्या पायवाटेवर किंवा लावणीच्या चिखलात अनवाणी जाऊ नये, आणि रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे पाहावेत.

जीबीएसमधून उठलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. चालणे सुधारते, पायऱ्या चढता येतात, तरी गुडघ्याचा रिफ्लेक्स कित्येक महिने परत येत नाही. काहींचा येतच नाही. तेवढ्यावरून आजार उलटला असे समजून फिजिओथेरपी बंद करू नये. ताकद पुन्हा कमी होऊ लागली, तर मात्र लगेच दाखवावे.