चुनह्यांगचा नकार : पान्सोरीतील शीलकल्पना आणि जन्माधिष्ठित विषमता

पान्सोरी हा कोरियातील कथागायनाचा मौखिक प्रकार होय. एक गायक आणि एक ढोलवादक एवढ्यांवर त्याचा प्रयोग उभा राहतो. गद्य निवेदन व गायन आलटून-पालटून येतात आणि ढोलवादक व श्रोते मधूनमधून दाद देऊन प्रयोगात सहभागी होतात. मूळच्या बारा कथांपैकी पाचच आज परंपरेने गायिल्या जातात. त्यांत ‘चुनह्यांगगा’ सर्वाधिक लोकप्रिय आहे. पतिनिष्ठेचा आदर्श सांगणारी प्रीतिकथा म्हणून तिच्याकडे पाहण्याचा प्रघात आहे. तथापि ज्या समाजरचनेत ती घडली, ती ध्यानात घेतल्यावाचून या निष्ठेचा अर्थ उलगडत नाही.

१. शीलाची विषम वाटणी

जोसन राजवटीत (१३९२–१८९७) नव-कन्फ्यूशियन विचार हा राज्यव्यवस्थेचा पाया होता. शिखरावर यांगबान हा विद्वान-अधिकाऱ्यांचा वर्ग आणि तळाशी ‘चन्मिन’, म्हणजे हीन गणलेले लोक, अशी ती उतरंड होती. गुलाम, खाटीक, गिसेंग (सरकारी दफ्तरी नोंद असलेल्या गायिका-नर्तकी) आणि स्वतः पान्सोरी गाणारे कलावंत यांची गणना हीनांत होई. गिसेंगच्या मुलीला आईचाच दर्जा मिळे.

उच्चकुलीन स्त्रीवर मात्र शीलाचे कठोर बंधन होते. १४८५ मध्ये अमलात आलेल्या ‘ग्योंगुक देजॉन’ या विधिसंहितेने पुनर्विवाहित स्त्रीच्या मुलांना राज्यसेवेच्या परीक्षांचे दार बंद केले. अशा रीतीने एका स्त्रीवर शील लादले गेले, तर दुसरीला ते नाकारले गेले. गिसेंगला शील असू शकते, ही कल्पनाच या व्यवस्थेला मान्य नव्हती.

२. नकाराचे तर्कशास्त्र

कथा जोल्ला प्रांतातील नामवन येथे घडते. निवृत्त गिसेंग वोल्मे हिची मुलगी चुनह्यांग आणि तेथील दंडाधिकाऱ्याचा पुत्र मोंगर्योंग परस्परांशी वचनबद्ध होतात. पित्याच्या बदलीमुळे मोंगर्योंग राजधानीस जातो. नवा दंडाधिकारी ब्यॉन हाक-दो चुनह्यांगला सेवेस बोलावतो. गिसेंगच्या मुलीने यावे, हा त्याच्या मते आज्ञेचा साधा प्रश्न आहे. ती नकार देते.

तिच्या नकाराची भाषा लक्षणीय आहे. ती प्रेमाची दुहाई देऊन थांबत नाही. एकनिष्ठ सेवक दोन राजांची चाकरी करीत नाही, तशी पतिव्रता दोन पती करीत नाही, हे राज्यकर्त्यांचेच तत्त्व ती त्यांच्यापुढे ठेवते. म्हणजे तिला शिक्षा करणे हे अधिकाऱ्याने स्वतःच्याच राजनिष्ठेचा पाया नाकारण्यासारखे ठरते. पुढे फटक्यांच्या प्रसंगी प्रत्येक फटक्याच्या अंकावरून ती आपले उत्तर गुंफते: ‘एक’पासून एकनिष्ठा, ‘दोन’पासून दुसऱ्या पतीस नकार. दंडाची मोजदाद हीच प्रतिज्ञेची मोजदाद होते. उच्चवर्णीय स्त्रीचे जे बंधन, ते येथे हीन गणलेल्या स्त्रीचा हक्क होऊन येते. स्वतःच्या देहावर आपलीच सत्ता आहे, असे म्हणण्यासाठी त्या काळी तिला उपलब्ध असलेली ही एकमेव प्रतिष्ठित भाषा होती.

३. पाठभेद आणि मर्यादा

या आशयाने श्रोतृवर्गाला अस्वस्थ केले असावे, याची खूण पाठभेदांत आढळते. काही पाठांत चुनह्यांग केवळ गिसेंग आहे. काहींत, विशेषतः जोंजू येथे छापलेल्या प्रसिद्ध पाठात, तिला उच्चपदस्थ पिता लाभतो. पित्याच्या कुळाचा असा आधार मिळताच तिचे शील जणू रक्ताचा वारसा ठरते आणि नकाराची धार बोथट होते. एकोणिसाव्या शतकात यांगबान रसिक व राजदरबार पान्सोरीचे आश्रयदाते झाले. शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) याने संहितांचे संपादन करताना या अभिजन अभिरुचीची दखल घेतली. हीन गणलेल्यांची कला वरच्या वर्गाने स्वीकारली, ती या संस्कारांसह.

शेवटही याच मर्यादेत राहतो. मोंगर्योंग राजाचा गुप्त निरीक्षक होऊन भिकाऱ्याच्या वेशात परततो, मेजवानीत प्रजेच्या हालांवर कविता रचतो आणि दंडाधिकाऱ्यास पदच्युत करतो. न्याय मिळतो, पण तो राजसत्तेच्या हातून. चुनह्यांगचा दर्जा उंचावतो, उतरंड तशीच राहते. ती कायद्याने मोडण्यास १८९४ च्या सुधारणा याव्या लागल्या. त्यांनी जन्माधिष्ठित दर्जे रद्द केले आणि विधवांच्या पुनर्विवाहासही मोकळीक दिली.

नामवन येथे १९३१ पासून चुनह्यांगचा उत्सव साजरा होतो आणि त्यात तिच्या नावाने आदर्श तरुणीची निवड केली जाते. परंपरेने शील जपले. नकार मात्र मागे पडला. संहितेत हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. चुनह्यांग पतीसाठी फटके खाते, हे खरे. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार जन्मानेच तिला नव्हता, त्याला ती ‘नाही’ म्हणते, हे अधिक महत्त्वाचे होय. मौखिक संहितेचा अभ्यास करताना काय गायिले गेले याबरोबरच कोणी गायिले, कोणापुढे गायिले आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून काय गाळले, हे पाहावे लागते, ते याचसाठी.