जमिनीखालच्या पाण्याचा देव

विहिरीत पाणी कोठून येते, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. आजच्या इराकच्या दक्षिणेस साडेचार हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या सुमेरी लोकांनाही तो पडला होता. त्यांच्या मते जमिनीखाली गोड्या पाण्याचा अथांग साठा होता. त्याचे नाव ‘अब्झू’. एन्की हा देव तेथे राहतो, अशी त्यांची श्रद्धा होती. अक्कडी भाषेत अब्झूचे ‘अप्सू’ झाले आणि एन्कीला ‘एआ’ म्हणू लागले. जुन्या मुद्रांवर त्याच्या खांद्यांतून पाण्याच्या धारा निघालेल्या दिसतात व त्यांत मासे पोहत असतात.

जलदेवता आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी विहिरीकाठी, नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या ‘साती आसरा’. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’चे रूप, संस्कृतात ‘अप्’ म्हणजे पाणी. मग ‘अप्सू’ आणि ‘अप्सरा’ यांचे नाते असेल का? घाई करू नका! सुमेरी भाषा संस्कृतच्या कुळातली नाही. नुसत्या उच्चारावरून नाते ठरत नाही. सारखे आहे ते माणसाचे कुतूहल.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. त्यासाठी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या विनोबा भावे यांच्या जन्मगावाकडे चला. या भागातील डोंगर बेसाल्ट खडकाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून ते बनले. पावसाचे पाणी माती, मुरूम आणि खडकातील भेगा यांतून खाली झिरपते. घट्ट थर लागला, की ते अडते. विहीर खणताना पाणी धरणाऱ्या भेगा लागल्या, की झरे फुटतात. म्हणजे जमिनीखाली साठा आहे हे खरे, पण तो अथांग नाही!

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात कित्येक विहिरी तळ गाठतात. असे का? उतारावरून बरेचसे पाणी वाहून जाते आणि घट्ट बेसाल्टात साठायला जागा थोडी. पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात तर समोर पाणीच पाणी, पण ते खारे!

करून पाहा : वडील माणसांना बरोबर घेऊन, दोरीला दगड बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दरमहा मोजा. वर्षभराच्या आकड्यांचा आलेख काढा. पावसाने किती भर घातली आणि आपण किती उपसले, ते त्यात दिसेल. साती आसरांच्या विहिरीत कचरा टाकायला लोक भीत. आपल्याला भीतीची गरज नाही. साठा मोजका आहे, एवढे कळले तरी पुरे.