विमान लगेच का उतरत नाही?

प्रश्न : पुण्याहून दिल्लीला निघालेलं आमचं विमान तांत्रिक कारणाने परत वळलं. पण खाली धावपट्टी दिसत असूनही तासभर घिरट्याच घालत राहिलं. शेजारचे काका म्हणाले, "आधी पेट्रोल सांडावं लागतं." खरं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काकांचं निम्मं बरोबर आहे. वजन उतरवायचं असतं हे खरं, पण मधे एकच वाट असलेल्या ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांना हवेत इंधन सोडायची सोयच नसते. (ते पेट्रोलही नव्हे, रॉकेलच्या जातीचं असतं.) ती सोय बऱ्याच मोठ्या विमानांत असते. ए-३२० आणि ७३७ मात्र इंधन जाळूनच हलकी होतात, तासाला साधारण अडीच टन.

ए-३२०चा एक नेहमीचा प्रकार ७८ टन वजनाने उडू शकतो, पण उतरताना मर्यादा ६६ टनांची. ७३७-८००चे आकडेही जवळपास तेच, ७९ आणि ६६. उडताना चाकं अलगद जमीन सोडतात, उतरताना सगळा भार त्यांच्यावर आदळतो. उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट वेगाने आदळणं विमानाने सोसलं पाहिजे, असा नियम आहे. उड्डाणाच्या कमाल वजनाला ही अपेक्षा ६ फुटांवर येते. म्हणजे जड विमान उतरूच शकत नाही असं नाही. धूर किंवा आग असेल तर वैमानिक वजनाची पर्वा न करता सरळ खाली येतो आणि नंतर अभियंते चाकांपासून पंखांपर्यंत सगळं तपासतात. तुम्ही तासभर फिरत होतात, याचा अर्थ वैमानिकाला तेवढी घाई नव्हती.

दुसरा प्रश्न ब्रेकचा, आणि माझ्या मते तोच जास्त रंजक. ६६ऐवजी ७८ टन म्हणजे वजन १८ टक्क्यांनी वाढलं. पण जड विमानाला हवेत तरंगत राहायला वेगही जास्त लागतो. दोन्हींचा हिशेब केला तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते! आणि पुण्याची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपासची, मुंबईच्या मुख्य धावपट्टीहून बरीच आखूड. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. ब्रेक फारच तापले तर चाकातला एक प्लग वितळून हवा हळूहळू सोडून देतो, म्हणजे टायर फुटत नाही. ए-३२०च्या ब्रेकचं तापमान ३०० अंशांवर असेल तर ते निवेपर्यंत पुढचं उड्डाण नाही. म्हणून बऱ्याच ए-३२०च्या चाकांतच ब्रेक गार करणारे छोटे पंखे बसवलेले असतात.

दोन्ही विमानं चालवलेले वैमानिक एकत्र बसले की इथेच वाद रंगतो. ७३७चे पाय बुटके आणि ८००चं अंग लांब. उतरताना नाक फार वर उचललं तर शेपूट घासायची भीती, म्हणून ते जरा जास्त वेगाने येतं. वेग जास्त म्हणजे ब्रेकला काम जास्त. या बाबतीत माझं मत ए-३२०ला.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. १९८९मध्ये इंडियन एअरलाइन्सने ए-३२० घेतली, तेव्हा मुख्य चाकं नेहमीच्या चारऐवजी आठ लावून घेतली होती. आपल्या काही धावपट्ट्या कमी भार पेलणाऱ्या, म्हणून वजन जास्त चाकांवर वाटलं.

पुणे-दिल्ली अंतराला टाकी भरत नाहीत, म्हणून तुमचं तासाभरात भागलं. ११ ऑक्टोबर २०२४ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या ७३७मध्ये बिघाड झाला, तेव्हा १४१ प्रवाशांना घेऊन ते दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. मग सुखरूप उतरलं.