सही तुझी असते

चि. सौ. राणीस,


ऑनलाईन एमबीए करायचं, तेही फायनान्समध्ये, असं तुझ्या मनात आहे हे ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात तू रोज लोकांचे ताळेबंद वाचतेस आणि त्यामागचं शास्त्र नीट शिकावंसं तुला वाटतंय, ही गोष्ट लहान नाही. पण ताईनं पुढे जे सांगितलं ते ऐकून हे पत्र तातडीनं लिहिते आहे. प्रवेशासाठी तुला फोन करणाऱ्या समुपदेशकानं म्हणे सांगितलं, की बी.कॉम.ला ४७ टक्के असले तरी हरकत नाही, 'अ‍ॅडजस्ट करू', फक्त शनिवारच्या आत सीट बुक करा. राणी, पैसे भरू नकोस.

एमबीएसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची अट सरळ आहे: किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी आणि तीत ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गासाठी ४५. इग्नूच्या एमबीएला आता प्रवेश परीक्षा नाही, पण टक्क्यांची हीच अट तिथेही आहे. आपण खुल्या प्रवर्गातले, म्हणजे तुला ५० लागतात. शेवटच्या वर्षी भाऊजींचं आजारपण होतं, तू दवाखाना आणि परीक्षा एकाच वेळी काढलीस, हे मला ठाऊक आहे. त्या ४७ टक्क्यांवरून तुझी बुद्धी कुणी मोजू नये असं मी आजही म्हणेन. तरी नियम मोडून घेतलेला प्रवेश तुझ्या काही कामाचा नाही. महाविद्यालयात प्रवेश समितीचं काम मी पुष्कळ वर्षं केलं, म्हणून सांगते. कागदपत्रांची पडताळणी होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो, आणि अर्जाच्या शेवटी एक हमीपत्र असतं: पात्रता नसल्याचं आढळलं तर प्रवेश रद्द होईल, भरलेल्या शुल्कावर हक्क राहणार नाही. त्याखाली सही तुझी असते, फोनवरच्या मुलाची नाही. दोन वर्षं रात्री जागून अभ्यास केल्यावर निकाल राखून ठेवल्याचं पत्र हाती आलं, तर दाद कुणाकडे मागशील?

जिथे प्रवेशाला काहीच अट सांगत नाहीत, तिथे जास्त सावध राहावं असं माझं मत आहे. अटी विद्यार्थ्याला असतात तशा विद्यापीठालाही असतात, आणि त्या आधी बघायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरस्थ आणि ऑनलाईन शिक्षणाचे विनियम काढले. त्यांनुसार ऑनलाईन पदवी द्यायची तर विद्यापीठाला नॅकच्या मूल्यांकनात ४ पैकी किमान ३.०१ गुण हवेत, नाहीतर एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत वरचं स्थान हवं. विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढं पुरत नाही. मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट सत्राला असावी लागते, कारण जानेवारी आणि जुलै अशी वर्षाला दोन सत्रं असतात. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर ही यादी असते. तिथे विद्यापीठाचं नाव, 'एमबीए' हा शब्द आणि तुझं सत्र, तिन्ही दिसायला हवीत. शिवाय आपली पदवी दुसऱ्या कंपनीमार्फत फ्रँचायझी पद्धतीनं द्यायला आयोगाची मनाई आहे, आणि २०२२च्या सुरुवातीला तसा इशाराही आयोगानं दिला होता. कंपनी फार तर तंत्रज्ञान पुरवील. प्रवेश देणारं, परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं विद्यापीठच असलं पाहिजे. म्हणून फोनवर बोलणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचार, की तुमचा पगार विद्यापीठ देतं की दुसरं कुणी.

मान्यता असेल तर मात्र ऑनलाईन पदवीबद्दल मनात कमीपणा बाळगू नकोस. ती नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. नोकरी सोडून पुण्याला खोली घेऊन राहणं तुला शक्य नाही, आणि तुझ्यासारख्यांसाठीच ही सोय आहे.

आता कागदपत्रांचं. सप्टेंबर २०२४ पासून त्या दूरस्थ शिक्षण ब्युरोचा डीईबी आयडी काढल्याशिवाय ऑनलाईन किंवा दूरस्थ प्रवेश होत नाही. तो विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो, दुसऱ्याच्या हाती ओटीपी देऊन नव्हे. त्याच्या आधी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो आणि तो आधारशी जोडलेला असतो. इथेच आपल्याकडच्या लग्न झालेल्या मुली अडकतात. तुझ्या दहावीच्या, बारावीच्या आणि बी.कॉम.च्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आहे. आधारवर लग्नानंतर सासरचं लावलंस. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला असेल तर उत्तम, नाहीतर आधी तो काढ. विद्यापीठ मागेल तर शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागेल. याला वेळ लागतो, म्हणून कुठलाही अभ्यासक्रम ठरण्याआधी हे काम सुरू कर. पदवीवर कोणतं नाव हवं तेही आत्ताच ठरव. माझं विचारशील तर गुणपत्रिकांवरचंच ठेव.

मग ४७ टक्क्यांवर काय करता येईल? एम.कॉम. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, मुंबई विद्यापीठाचा १९७१ पासून चालत आलेला दूरस्थ विभाग, सगळीकडे एम.कॉम. आहे, आणि त्याला बहुतेक ठिकाणी बी.कॉम. उत्तीर्ण एवढं पुरतं. मात्र एम.कॉम.ला चांगले गुण पडले की एमबीएची पदवीच्या टक्क्यांची अट आपोआप सुटेल, असं धरून चालू नकोस. एम.कॉम. हवं असेल तर ते एम.कॉम.साठीच कर. त्याच्या जोडीला जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा दे. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ पासूनची संस्था ती परीक्षा घेते; तुझी बँक तिची सभासद आहे का, हे व्यवस्थापकांना उद्याच विचार. त्यानंतर सीएआयआयबी आहे. तुझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला या दोन परीक्षांचा उपयोग घाईनं मिळवलेल्या एमबीएपेक्षा अधिक होईल, असं मला मनापासून वाटतं.

यापैकी काहीही निवडलंस तरी एक अट तुला कुणी लिहून देणार नाही, ती मी सांगते. अकरावी-बारावीला तू गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतंस. फायनान्स म्हणजे पैशाचं कालमूल्य आणि जोखमीचं मोजमाप. दोन्हीला गणित लागतं. अवघड नाही, पण लागतं. १० लाखांचं कर्ज, दरसाल १० टक्के, ५ वर्षं: संगणक २१,२४७ रुपयांचा हप्ता दाखवतो आणि तू तो अर्जावर लिहितेस. तो तेवढाच का येतो? कारण पुढच्या ६० हप्त्यांचं आजचं मूल्य काढलं, तर बेरीज बरोबर ते १० लाख येते. एक्सेलमध्ये ६० ओळी मांडून हे स्वतः करून बघ. महिन्याचा दर १० भागिले १२ टक्के, त्यानं प्रत्येक हप्ता आजच्या मूल्यावर आणायचा. ते जमलं की कर्जरोख्याची किंमतही त्याच रीतीनं काढता येते आणि एखाद्या कारखान्याच्या प्रकल्पाची छाननीही. पुढे प्रमाण विचलन, सहसंबंध, मग प्रतिगमन. प्रवेशाआधीचे तीन-चार महिने एवढ्यालाच दे.

पैशाबद्दल थोडं. 'शून्य व्याजाचा हप्ता' म्हणून जे सांगतात ते बहुतेकदा तुझ्या नावावरचं कर्ज असतं, देणारी कंपनी निराळी. अभ्यासक्रम सोडलास तरी हप्ते सुटत नाहीत, आणि ते चुकले तर सिबिलमध्ये नोंद होते. हे कर्ज विभागातल्या माणसाला मी काय सांगू! शुल्क परतीचं धोरण विद्यापीठाकडून लेखी माग. परीक्षा शुल्क, पुनर्परीक्षेचे पैसे आणि अभ्यासक्रम पूर्ण करायची कमाल मुदत हे तिन्ही त्यातच विचार. इग्नूला एमबीएसाठी किमान दोन आणि कमाल चार वर्षं आहेत. घरात लहान मूल असताना ही जादा दोन वर्षं फार मोलाची असतात.

तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि त्या मुलानं पाठवलेलं माहितीपत्रक मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. गुणपत्रिकेवरची बेरीज मला एकदा स्वतः तपासायची आहे. काही विद्यापीठं शेवटच्या वर्षाचीच टक्केवारी छापतात आणि तिन्ही वर्षांची सरासरी वेगळी निघते. कोणती धरायची ते विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत असतं, ते मी वाचून ठेवते. रविवारी दुपारी फोन कर. जावईबापूंना आशीर्वाद सांग, बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी